विस्थापनाचे अर्थशास्त्र (मुंबई)

प्रकल्प, पाडकाम, दंगल किंवा फाळणीमुळे घर सोडावे लागलेल्यांच्या मिळकतीचे पुढे काय झाले, याचा हिशेब मांडणारी विकास-अर्थशास्त्राची शाखा. मुंबईत तिची मुळे जुनी आहेत. मुंबई विद्यापीठातील सी. एन. वकील यांचा फाळणीच्या आर्थिक परिणामांवरील ग्रंथ १९५० मधला. पुढे अभ्यासकांचे लक्ष निर्वासितांकडून झोपडपट्टी व पदपथांकडे वळले.

१९८१ च्या पाडकामाविरुद्ध पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याच्या निकालात (१९८५) न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. मात्र नोटीस देऊन हटवायला मुभा ठेवली. माणूस पदपथावर राहतो तो कामाजवळ राहता यावे म्हणून, हा त्यातला युक्तिवाद या शाखेचा गाभाच म्हणता येईल.

सर्वांत मोठा अनुभव मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा. २००२ मध्ये जागतिक बँकेने कर्ज मंजूर केलेल्या या प्रकल्पात रेल्वेरुळांलगतचे व रस्त्यांकडेचे सुमारे एक लाख लोक हलवले गेले. बरेच जण मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडात व वाशी नाक्याला. जमिनीची मालकी नसलेल्यांनाही २२५ चौरस फुटांची खोली मोफत मिळाली, हे मोठेच पाऊल होते. पण दुकान केवढेही मोठे असो, मोफत जागा तेवढीच. कुर्ल्याच्या दुकानदारांसह अनेकांनी बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रारी केल्या आणि मार्च २००६ मध्ये बँकेने काही महिने पैसे रोखले.

नुकसान मोजण्याची पद्धत इथे कळीची ठरते. रुळांलगत राहून चालत तीन घरची धुणीभांडी करणारी बाई मानखुर्दला गेली की आधी तिकिटाचा खर्च वाढतो, मग वेळ पुरेनासा होतो, मग एकेक काम सुटते. पहिल्या पाहणीत तिच्या नावापुढे ‘घरकाम’, दुसऱ्या पाहणीत ‘गृहिणी’. कुटुंबाची मालमत्ता मात्र कागदावर वाढलेली, वर सोसायटीचा मेंटेनन्स. मायकेल सर्निया यांच्या प्रारूपात गरिबीकडे नेणारे आठ धोके आहेत. बेघरपणा त्यांतला फक्त एक, रोजगार जाणे आणि शेजार तुटणे हेही त्यांतच. अर्थतज्ज्ञ आज सर्रास वापरतात ते हे साधन एका समाजशास्त्रज्ञाने घडवले, हे विशेष.

या क्षेत्रातली कारकीर्द देवनारची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, विद्यापीठे आणि सल्लागार कंपन्या यांच्यात फिरते. पाहणीचे पैसे अनेकदा प्रकल्प राबवणारी यंत्रणाच देते, त्यामुळे प्रश्नावलीत काय विचारायचे यावरच पहिली ओढाताण होते. नवोदिताचे दिवस पात्र-अपात्र याद्या, रेशनकार्डे आणि वीजबिले पडताळण्यात जातात. खरी पंचाईत काही वर्षांनी, त्याच कुटुंबांना पुन्हा गाठताना येते. दार उघडणारा भाडेकरू निघतो. मूळ कुटुंब खोली भाड्याने देऊन किंवा परस्पर विकून गेलेले असते. अशी कुटुंबे नमुन्यातून वगळली की उरलेल्यांची सरासरी आपोआप बरी दिसू लागते.