'शो रन' आणि 'शो स्टार्ट': लाइट जाईपर्यंत सारखेच

चोपड्याकडच्या एका साइटवर संध्याकाळी सिस्कोच्या नेटवर्क स्विचवर नवं व्हीलॅन 40 (एकाच स्विचवर वेगळं पाडलेलं नेटवर्क) बनवलं, सातव्या पोर्टला लावलं आणि 'शो रन' कमांड मारून बघितलं. सगळं जागच्या जागी. लॅपटॉप मिटला नि निघालो. रात्री लाइट गेली, तिथली बॅटरी आधीच दमलेली. सकाळी साइटवरच्या पोराचा फोन: "काल तं चालू व्हतं ना भाऊ!"

चालू होतं, खोटं नाही. पण मी बघितली होती ती फक्त चालू सेटिंग.

सिस्कोच्या स्विच-राउटरवर 'शो रनिंग-कॉन्फिग' (थोडक्यात 'शो रन') ही कमांड रॅममधली, म्हणजे लाइट गेली की पुसल्या जाणाऱ्या मेमरीतली सेटिंग दाखवते; डबा आत्ता चालतोय तो हिच्यावर. तुम्ही एंटर दाबला की बदल तिथे लगेच लागू होतो. 'शो स्टार्टअप-कॉन्फिग' ('शो स्टार्ट') मात्र एनव्हीरॅम नावाच्या मेमरीत जपलेली प्रत दाखवते. लाइट गेली तरी ती राहते, आणि स्विच पुन्हा उठतो तेव्हा तिलाच वाचून कामाला लागतो. मधल्या काळात सेव्ह न करता रॅममध्ये जे केलं ते गेलं.

घोळ होतो कारण दोन्हींचा मजकूर दिसायला जुळ्या भावांसारखा. खूण अगदी वरच्या ओळीत असते. 'शो रन'ला आधी 'बिल्डिंग कॉन्फिगरेशन' येतं, मग 'करंट कॉन्फिगरेशन' आणि बाइटचा आकडा. 'शो स्टार्ट'ला 'यूझिंग' म्हणून एकूण जागेपैकी किती बाइट वापरले ते येतं. घाईत स्पेसबार दाबत खाली गेलात की ती ओळ वर निघून जाते.

त्या सकाळी मला चकवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. व्हीलॅनची यादी दाखवणारं 'शो व्हीलॅन ब्रीफ' मारलं तर 40 नंबर यादीत हजर! स्विच व्हीलॅनची यादी फ्लॅश या लाइट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतल्या 'व्हीलॅन डॉट डॅट' फाइलमध्ये वेगळी ठेवतो, म्हणून ती वाचली. पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये हे मात्र कॉन्फिगमध्ये, म्हणजे न जपलेल्या त्या सेटिंगमध्ये होतं. सातवा पोर्ट गुपचूप मुळातल्या व्हीलॅन 1 मध्ये जाऊन बसला होता. अर्धा तास मी केबलच हलवत होतो.

सेव्ह करायला 'कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग', किंवा जुन्या लोकांचं दोन अक्षरी 'डब्ल्यू आर'. 'रीलोड' (स्विच पुन्हा सुरू करायची कमांड) मारलं तर स्विच निदान विचारतो, बदल सेव्ह करू का म्हणून. लाइट जाताना कोण विचारतंय? हुआवेच्या डब्यावर हीच जोडी 'डिस्प्ले करंट-कॉन्फिगरेशन' आणि 'डिस्प्ले सेव्ह्ड-कॉन्फिगरेशन' नावानं भेटते, आणि सेव्हला नुसतं 'सेव्ह'. ज्युनिपर कंपनीच्या डब्यांचं तंत्रच निराळं: 'कमिट' म्हणेपर्यंत बदल लागूच होत नाही.

सेव्ह न करण्याचाही एक उपयोग आहे. जळगावात बसून धडगावच्या राउटरला हात लावायचा असेल, तर बदलाआधी 'रीलोड इन 10' टाकून ठेवतो. चुकून स्वतःचीच वाट बंद केली, तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप जुन्या सेटिंगवर उठतो आणि सातपुड्याचा घाट चढायचं वाचतं. काम नीट झालं तर 'रीलोड कॅन्सल', मग सेव्ह. ते कॅन्सल मी एकदा विसरलो होतो, आणि बरोबर दहाव्या मिनिटाला चालतं लिंक डोळ्यांदेखत बसलं.