ऊन जितके कडक, तितकी वीज जास्त? एक खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून तंबू घेऊन डोंगरात मुक्कामाला निघणाऱ्या मंडळींमध्ये एक समज वर्षानुवर्षे घर करून आहे: सोलर पॅनेल उन्हाच्या तापावर चालते, म्हणून मे महिन्याच्या रखरखीत दुपारी ते सर्वांत जास्त वीज देते. हा समज चुकीचा आहे. वीज तयार होते ती उजेडापासून. उष्णता तिला मारकच ठरते. पॅनेलवर छापलेले १०० वॅट हे त्याचे सेल (वीज बनवणाऱ्या छोट्या चकत्या) २५ अंश सेल्सिअसवर ठेवून मोजलेले असतात आणि त्यापुढे प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के क्षमता घटते. राजहंसगडाच्या तापलेल्या कातळावर पसरलेल्या पॅनेलच्या पाठीला हात लावून पाहावा, चटका बसतो. सेल ६५ अंशांवर गेले, तर १०० पैकी १२ ते १६ वॅट तिथेच गेले. म्हणून पॅनेल टेकू देऊन उभे करावे, मागून वारा खेळू द्यावा आणि बॅटरी मात्र सावलीत ठेवावी.

जांबोटीच्या रानात सावलीच घात करते, कारण सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एका फांदीची सावलीही बरीच वीज खाते.

खरेदी करताना बॅटरीचे वॅट-तास (म्हणजे तिच्यात एकूण किती वीज मावते) विचारावेत, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आकडा मोठा वाटतो, पण अँपिअर-तासात आणून बॅटरीच्या ३.७ व्होल्टने गुणल्यावर ते जेमतेम ७४ वॅट-तास भरतात, म्हणजे १० वॅटचा दिवा फार तर सात तास जळतो.