मालदांडीचा जमाखर्च

सरकारी पैशावर चालणाऱ्या संशोधनाचा सामान्य माणसाला उपयोग काय, याचे उत्तर सोलापुरात रोजच्या भाकरीत सापडते. ‘मालदांडी 35-1’ हा रब्बी ज्वारीचा वाण 1930च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात तयार झाला. शेतकऱ्यांच्याच शेतातील मालदांडीतून सरस ताटे निवडून, त्यांचे बी वेगवेगळे पेरून आणि वर्षानुवर्षे पारखून तो वेगळा काढण्यात आला. टपोरा मोतीदार दाणा, भाकरीची चव, भरपूर कडबा आणि खोडमाशीला बऱ्यापैकी तोंड देण्याची ताकद या गुणांमुळे पुढे आलेल्या संकरित वाणांना त्याची जागा घेणे जमलेले नाही.

ज्वारीत बहुतांशी स्वपरागीकरण होते, म्हणजे फुलावर त्याच ताटाचे पराग पडतात आणि वाणाचे गुण पुढच्या पिढीत टिकतात. त्यामुळे सरळ (संकर न केलेल्या) वाणाचे बी शेतकरी घरीच राखून पुढच्या हंगामात पेरू शकतो, संकरित बी मात्र दरवर्षी विकत घ्यावे लागते. एकदा विकले की गिऱ्हाईक परत येणार नाही, अशा मालावर खासगी कंपनी कशाला वर्षे घालवील? म्हणून हे काम सार्वजनिक संस्थेकडेच राहते, आणि त्याचा नफा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

पाकिटात घालून विकताच येत नाही अशा ज्ञानाचे तर विचारूच नका. सोलापुरात 1933 पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन सुरू आहे. रब्बी ज्वारीला पेरणीनंतर पाऊस क्वचितच मिळतो, त्यामुळे ती जमिनीत मुरलेल्या ओलीवर वाढते. काळी माती सुकताना आकसते, तिला भेगा पडतात आणि त्या वाटेने खालच्या थरांतील ओलही उडून जाते. यावरची शिफारस अशी: पहिली कोळपणी (पिकाच्या ओळींमधली माती कोळप्याने वरवर हलवणे) तीन आठवड्यांनी फटीच्या कोळप्याने, दुसरी पाच आठवड्यांनी पासेच्या कोळप्याने आणि तिसरी आठ आठवड्यांनी दातेरी कोळप्याने करावी. तिसऱ्या कोळपणीचा मुख्य हेतू तण काढणे नसून भेगा बुजवणे हा असतो. खर्च फक्त मजुरीचा आणि बैलांचा. पदरात पडते ते वाचलेले पाणी, जे कडब्याच्या पेंढ्यांत मोजता येते. दुष्काळी भागात कडबा हे दुय्यम उत्पन्न नव्हे, दावणीचे जनावर त्यावरच टिकते.

1968 मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुढे जमिनीच्या खोलीनुसार वाण दिले: हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी आणि पापडासाठी फुले रोहिणी हे वाणही आले. मला ही दुसरी यादी अधिक मोलाची वाटते, कारण ती शेताबाहेर, घरगुती उद्योगापर्यंत पोहोचते. सोलापुरात कडक भाकरी थापून विकणाऱ्या महिलांचा व्यवसाय चांगल्या ज्वारीवरच उभा आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागाचीच खासियत असल्याची अधिकृत नोंद, मिळाले. बाजार समित्यांच्या दरपत्रकांत मालदांडीचा भाव आजही वेगळा लिहिला जातो आणि बहुधा तो साध्या ज्वारीपेक्षा चढा असतो.