गुलखैरा म्हणजे उंच वाढलेली जास्वंद नव्हे

फेब्रुवारीच्या शेवटी आमच्या इमारतीच्या गच्चीवर हॉलीहॉकचे दांडे छातीपर्यंत पोहोचतात आणि त्यांच्यावर खालून वर एकेक फूल उमलू लागते. तेव्हा कपडे वाळत घालायला आलेला जवळजवळ प्रत्येक जण विचारतो, ‘‘ही कुठली जास्वंद?’’ हा प्रश्न निराधार नाही. मुंबईकराच्या डोळ्यांना पाच रुंद, रेशमी पाकळ्या आणि मधोमध परागांनी भरलेला एक दांडा दिसला की तिथे जास्वंदच आठवणार, कारण सोसायटीच्या आवारात, देवळाबाहेरच्या टोपलीत आणि घरच्या गणपतीपुढे तो आयुष्यभर तेच फूल पाहत आलेला असतो. हॉलीहॉक मात्र या शहरात हिवाळ्यापुरता येणारा पाहुणा आहे. रोपवाटिकेत त्याला इंग्रजी नावानेच ओळखतात. गुलखैरा हे त्याचे जुने, सुंदर नाव आता फारसे कानावर पडत नाही.

दोन्ही वनस्पती भेंडीच्या कुळातल्या आहेत. भेंडी, कापूस, अंबाडी आणि समुद्रकाठच्या रस्त्यांवर सावली धरणारा परस पिंपळ हे सगळे त्यांचे सगेसोयरे आहेत. पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून त्यांची एक नळी होणे आणि त्या नळीतून स्त्रीकेसर वर येणे ही या कुळाची खूण आहे, त्यामुळे केवळ मधला दांडा पाहून निवाडा करता येत नाही. नावांनीही गोंधळात भर घातली आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये जास्वंदीला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘रोझा-सायनेन्सिस’चा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. त्याच वर्षी त्याने हॉलीहॉकला ‘अल्सिया रोझिया’ म्हटले, म्हणजे तिथेही गुलाब आलाच. गुलाबाशी दोघांचेही काही नाते नाही. दोन्ही झाडे माणसाने इतक्या दीर्घ काळापासून लावली आहेत की त्यांचे मूळ रानटी रूप निसर्गात निश्चितपणे दाखवता येत नाही, आणि या बाबतीत मात्र ती खरोखरच एकसारखी आहेत.

फूल हातात घेऊन पाहिले, तर फरक त्या मधल्या दांड्यातच सापडतो. जास्वंदीचा दांडा पाकळ्यांच्या बाहेर लांब येतो, त्याच्या वरच्या भागावर पुंकेसर विरळ विखुरलेले असतात आणि अगदी टोकाला मखमली ठिपक्यांसारख्या पाच कुक्षी, म्हणजे पराग झेलणारी स्त्रीकेसराची टोके, असतात. हॉलीहॉकचा दांडा आखूड असून फुलाच्या तळाशीच राहतो आणि त्याच्या माथ्यावर पुंकेसरांचा दाट झुबका असतो. त्याचे पराग आधी पिकतात. ते झडू लागल्यावर त्याच झुबक्यातून बारीक, दोऱ्यांसारखे अनेक कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराचे देठ, बाहेर पडतात. त्यामुळे नुकतेच उमललेले फूल आणि जुने झालेले फूल ही मध्यभागी वेगळी दिसतात. भिंगातून हा बदल पाहण्यासारखा असतो आणि मुलांना तो आवर्जून दाखवावा असे मला वाटते. फूल उलटे धरले तर आणखी एक खूण मिळते. हिरव्या निदलांच्या बाहेर या कुळात बहुधा आणखी एक हिरवे कडे असते. जास्वंदीत ते सुट्या, अरुंद पट्ट्यांचे असते, तर हॉलीहॉकमध्ये त्या पट्ट्या रुंद असून तळाशी जोडलेल्या असतात.

दुहेरी, गच्च पाकळ्यांच्या फुलांत ही कसोटी चालत नाही, कारण त्या प्रकारांत पुंकेसरांचेच रूपांतर पाकळ्यांमध्ये झालेले असते आणि दांडा हरवून जातो. अशा वेळी पानांकडे वळावे. जास्वंदीचे पान तुकतुकीत, टोकदार आणि कडेला दातेरी असते. हॉलीहॉकचे पान मोठे, गोलसर, पाच ते सात खंडांचे, लांब देठाचे आणि दोन्ही बाजूंनी लवदार, खरखरीत असते. मात्र खंडित, लवदार पान दिसले म्हणजे हॉलीहॉकच, असा निष्कर्ष काढू नये. सकाळी पांढरे उमलून संध्याकाळपर्यंत गुलाबी होणारे जे फूल मुंबईच्या काही बागांत दिसते, त्याचे पानही तसेच असते. पण ते झाड लाकडी खोडाचे, फांद्याफांद्यांचे असते आणि ते जास्वंदीचेच भावंड आहे.

माझ्या मते फुलापेक्षा आणि पानापेक्षाही झाडाच्या आयुष्याचा हिशेब पाहणे अधिक विश्वासार्ह आहे, कारण दोघांची खरी ताटातूट तिथे होते. जास्वंद हे सदाहरित झुडूप आहे. त्याचे खोड लाकडी होते, त्याला वर्षानुवर्षे फांद्या फुटत राहतात आणि नव्या फुटीच्या पानांच्या बगलेत एकेक फूल येते. ते फूल बहुधा एकच दिवस टिकते, पण तो दिवस पाण्यावाचूनही ताजेपणाने काढते. पहाटे दादरच्या फूलबाजारातून आणलेली जास्वंद संध्याकाळच्या आरतीपर्यंत देवापुढे टवटवीत राहते ती यामुळेच. हॉलीहॉकचे तसे नाही. त्याचा स्वभाव मुळात द्विवर्षायू आहे: पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी एक सरळसोट दांडा, त्यावर फुले, मग बी, आणि बहुतेक वेळा तिथेच अखेर. मुंबईत जानेवारीतही किमान तापमान सरासरी १७ अंशांच्या आसपास असते, म्हणून इथे एकाच हंगामात फुलणारे वाणच लावावे लागतात.

हा हिशेब न समजल्यामुळे झालेले नुकसान मी स्वतः पाहिले आहे. शेजारच्या काकूंना मी एका वर्षी एक रोप दिले होते. त्यांची जास्वंद फार सुरेख असते, कारण पावसाळ्याच्या तोंडावर त्या तिची नेमाने छाटणी करतात. डिसेंबरअखेरीस रोपाचा दांडा वर येऊ लागताच त्यांनी त्याच हाताने त्याचा शेंडा खुडला. ‘‘फांद्या फुटतील आणि फुलं जास्त येतील, असं वाटलं गं,’’ असे त्या नंतर हळहळून म्हणाल्या. त्यांचा विचार जास्वंदीसाठी अगदी योग्य होता. हॉलीहॉकच्या शेंड्यात मात्र पुढच्या सगळ्या कळ्या दाटीवाटीने रचलेल्या असतात. तो शेंडा गेला की त्या हंगामाची मुख्य बहरच जाते. तळाशी दोन आखूड फुटवे आले आणि त्यांवर मोजकी फुले लागली, एवढेच.

पाणी आणि कुंडी यांबाबतही जास्वंदीचा अनुभव इथे उपयोगी पडत नाही. दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलून जास्वंद उलट फोफावते. तिला त्रास होतो तो पिठ्या ढेकणाचा, पांढऱ्या कापसासारख्या पुंजक्यांचा. हॉलीहॉकचा वैरी तांबेरा आहे. पानांच्या खालच्या बाजूला नारिंगी-तपकिरी पुळ्या उठतात आणि ओल मिळाली की रोग झपाट्याने पसरतो. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही बुरशी १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये पोहोचली आणि तिथल्या बागांतली हॉलीहॉकची लाडकी लागवड तिने पार उद्ध्वस्त केली. म्हणून मुंबईत पेरणी पाऊस पूर्ण ओसरल्यावर, ऑक्टोबरमध्येच करावी, पाणी पानांवर न शिंपडता मातीत घालावे आणि पुळ्या दिसलेली खालची पाने लगेच काढून टाकावीत. त्याचे सोटमूळ खोल जाते आणि त्याला हलवलेले सोसत नाही, म्हणून बी थेट निदान फूटभर खोल कुंडीत पेरलेले बरे. गच्चीवरच्या खाऱ्या वाऱ्यासाठी बांबूचा आधार आधीच रोवून ठेवावा.

पूजेविषयी मला अनेकदा विचारले जाते. गणपतीला वाहायची ती लाल जास्वंद, संस्कृतातली जपा, हे परंपरेने ठरलेले आहे आणि हॉलीहॉक तिची जागा घेऊ शकत नाही. भाद्रपदात तर तो मुंबईत फुललेलाही नसतो. त्याचे सौंदर्य तोडून वाहण्याचे नाही. ते दांड्यावर आहे: तळाशी फळ धरलेले, मध्ये फूल उमललेले आणि वर कळी मिटलेली, अशा तिन्ही अवस्था एकाच वेळी दाखवण्याचे. आमच्या गच्चीवर जास्वंदीभोवती शिंजीर घिरट्या घालतो, तर हॉलीहॉकच्या फुलांतून मधमाश्या परागांनी माखून बाहेर पडतात.

शेवटची खूण फळाची. आपल्या बागेतल्या जास्वंदीला फळ क्वचितच धरते. तिची फांदी लावावी लागते. हॉलीहॉकची फांदी लावून उपयोग नाही, पण प्रत्येक फुलामागे एक चपटी चकती तयार होते आणि तिच्यात बिया चक्राच्या आऱ्यांसारख्या गोल मांडलेल्या असतात. रेल्वे रुळांकडेला वाढणाऱ्या पेटारीचे फळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. यंदा काकू फांदी मागायला आल्या, तेव्हा मी त्यांच्या हातावर एप्रिलमध्ये वाळलेल्या तीन चकत्या ठेवल्या. मूळ झाड गडद लाल होते, पण शेजारीच पांढरे आणि फिकट गुलाबीही फुलले होते आणि मधमाश्या सगळीकडे फिरल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या कुंडीत कोणता रंग निघेल हे फेब्रुवारीतच कळेल. शेंडा खुडायचा नाही, हे त्यांनी पुडीवर स्वतःच्या अक्षरात लिहून घेतले आहे.