डॉबरमनची आक्रमकता (कोकण)

डॉबरमन ही राखणीसाठी पैदास केलेली जर्मन श्वानजात. कोकण किनाऱ्यावर कलमांच्या बागा आणि चाकरमान्यांची बंद घरे राखायला हे कुत्रे पाळले जातात. त्यांचा चावरेपणा रक्तातला की पाळण्यातला, यावर मतभेद आहेत.

जर्मनीच्या थुरिंजिया प्रांतातील आपोल्डा गावच्या कार्ल फ्रीड्रिख लुई डॉबरमन (१८३४–९४) याने ही जात साधारण १८७०–९० च्या दरम्यान घडवली. करवसुलीला जाताना सोबत धाक बसवणारा कुत्रा हवा म्हणून, अशी परंपरागत हकीकत आहे. त्याने लेखी वंशनोंद ठेवली नाही, आणि पूर्वजांबद्दलच्या वादाचे मूळ तेच. जर्मन पिन्शर व रॉटवायलर हे पूर्वज बहुतेकांना मान्य आहेत. बोसरॉन आणि वायमरानर या जातींबद्दल एकमत नाही. तुकतुकीत आखूड केस मँचेस्टर टेरियरकडून आले, हे मत अधिक ग्राह्य वाटते; तो संकर मात्र मूळ पैदासकाराच्या मृत्यूनंतरचा असावा. १८९९ मध्ये ओटो ग्योलर याने या जातीचा क्लब स्थापला. पुढील पिढ्यांत सुरुवातीचा तिखटपणा निवडीने बराच कमी झाला, त्यामुळे आजच्या डॉबरमनला त्या पहिल्या कुत्र्यांच्या मापाने जोखणे अन्यायाचे ठरते.

कोकणात कुत्रा पडवीच्या खांबाला साखळीने बांधलेला असतो. गडी दोन वेळा भात घालून जातो. गणपतीत घर एकदम माणसांनी भरते, फटाके वाजतात, मुले कौतुकाने जवळ जातात. कुत्रा आधी थिजतो, अंग ताठ करतो, नजर रोखतो, ओठ किंचित उचलतो, गुरगुरतो नंतर. शेपूट पिल्लूपणीच छाटलेली असेल तर तिची खूण मिळत नाही. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा पुढे इशारा न देताच चावतो. अशा प्रसंगी दोष जातीवर ढकलला जातो. तो बहुधा साखळीचा असतो.

पावसाळ्यात गोचिडांचा ताप, ओल्या पट्ट्याखालची जखम, कानाचा दाह यांमुळे हात लावताच कुत्रा उसळतो. म्हणून अचानक चावू लागलेला कुत्रा प्रथम पशुवैद्याकडे न्यावा.

केंद्र सरकारच्या मार्च २०२४ च्या परिपत्रकातील हिंस्र जातींच्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हता. ते परिपत्रक कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये रद्द केले.

चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि कुत्रा घरचा असला तरी रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.