नगाचा खर्च आणि ऑर्डरची वाटणी: एका हिशेबाची पार्श्वभूमी

समजा, एकाच मालकाचे दोन कारखाने आहेत, एक सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आणि दुसरा शिरवळला. पंपाच्या बॉडीची मोठी ऑर्डर आली की बैठकीत पहिला प्रश्न येतो, नग कुठे स्वस्त पडतो? दोन्हीकडची कॉस्ट शीट, म्हणजे नगामागच्या खर्चाची कोष्टकं, शेजारीशेजारी ठेवली जातात आणि आकडा कमी असेल तिकडे ऑर्डर जाते. हा निर्णय फार घाईचा आहे. तो आकडा मुळात या कामासाठी काढलेलाच नसतो.

किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानात उभी राहिली, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. नांगर तिथेच घडायचा. पुढे किर्लोस्कर समूह वाढला तो मालाच्या प्रकारानुसार. मशीन टूल्स १९४१ मध्ये हरिहरला गेली, १९४६ मध्ये पुण्यात ऑइल इंजिनं आणि बंगळूरला विजेच्या मोटारी सुरू झाल्या. ज्या मालाला एकच घर, त्याची ऑर्डर कुठे द्यायची हे विचारायला नको. एकच माल दोन ठिकाणी बनायला लागला की वाटणीचा प्रश्न उभा राहतो.

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं कारखानदाराच्या हातात ही वाटणी पुरती नव्हतीच. १९५१ च्या उद्योग कायद्याखालच्या परवान्यात जागा आणि क्षमता दोन्ही नेमून दिलेल्या असत. बहुतेक उद्योगांची ही परवानापद्धत १९९१ मध्ये उठली. पण त्या काळात एक सवय मात्र पक्की झाली होती. युद्धकाळात, १९४४ मध्ये, कॉस्ट अकाउंटंटांची संस्था स्थापन झाली, १९५९ मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला आणि १९६५ च्या दुरुस्तीने ठरावीक उद्योगांना खर्चाच्या नोंदी ठेवायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. साखर, सिमेंट अशा मालाचे दर सरकार ठरवत होतं, तेव्हा ‘नगामागे एकूण खर्च किती’ हेच विचारायला हवं होतं. पगार, व्याज, घसारा सगळं धरून किंमत काढायची, तर असाच हिशेब लागतो. वर्षअखेरीच्या साठ्याचं मूल्य काढायलाही बराचसा तसाच. ऑर्डर कुठे द्यायची हा प्रश्न वेगळा आहे, तरी त्याच्या उत्तरालाही तेच कोष्टक उघडलं जाऊ लागलं.

फरक कुठे पडतो, हे साखर कारखान्याच्या गावात सांगावं लागत नाही. गाळप हंगाम लवकर आटोपला की क्विंटलमागचा खर्च चढतो, कारण पगार आणि कर्जाचं व्याज तेवढंच राहतं, पोती कमी होतात. नगाचा खर्च हा त्या कारखान्याला किती काम मिळालं यावरही ठरतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉन मॉरिस क्लार्क यांनी १९२३ मध्येच स्थिर खर्चावर (काम कमी-जास्त झालं तरी तेवढाच राहणारा खर्च) सविस्तर लिहून मांडलं होतं की वेगवेगळ्या कामांसाठी खर्चाचे वेगवेगळे आकडे लागतात.

आता आकडे धरू. कुपवाडला नग ९२० रुपयांना पडतो, शिरवळला ८६० ला. कॉस्ट शीट म्हणते शिरवळ. पण ९२० मधले २५० रुपये पगार, व्याज आणि वीजबिलातला डिमांड चार्ज (वापर कमी झाला तरी भरावा लागणारा आकार) यांचा वाटा आहे, ८६० मध्ये हा वाटा १२०. हे पैसे ऑर्डर कुठेही गेली तरी जाणारच. ऑर्डरमुळे नव्याने होणारा खर्च कुपवाडला ६७०, शिरवळला ७४०. कुपवाडची मशीनं रिकामी असतील, तर ऑर्डर शिरवळला पाठवून मालक नगामागे ७० रुपये घालवतो. पुढच्या महिन्यात काम कमी म्हणून कुपवाडचा नग आणखी महाग दिसतो आणि तिथली ऑर्डर आणखी घटते. चांगला कारखाना असाच कागदावर आजारी पडतो.

कुपवाडची मशीनं भरलेली असतील तर? मग नव्या ऑर्डरपायी तिथलं कोणतं काम बाहेर जाईल आणि त्यातून सुटणारे पैसे किती, हे आधी पाहावं लागतं. याचं बीज १८१७ मध्ये डेव्हिड रिकार्डो यांनी पेरलं. त्यांच्या उदाहरणात ठरावीक दारूला पोर्तुगालात ८० माणसांचे वर्षभराचे श्रम लागतात आणि कापडाला ९०, तर इंग्लंडमध्ये दारूला १२० आणि कापडाला १००. दोन्ही माल पोर्तुगालात स्वस्त, तरी पोर्तुगालची आघाडी दारूत जास्त आहे, म्हणून कापड इंग्लंडने आणि दारू पोर्तुगालने करण्यात दोघांचा फायदा. १९३८ मध्ये लेनिनग्राडचे गणितज्ञ लिओनिद कांतोरोविच यांच्याकडे प्लायवूड उद्योगातून असाच प्रश्न आला. आठ मशीनं आणि पाच प्रकारचं लाकूड, कोणतं काम कुठे लावायचं? १९४७ मध्ये अमेरिकन गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांनी सिम्प्लेक्स ही गणिती पद्धत दिली आणि असे प्रश्न सोडवण्याची सर्वसाधारण रीत हाती आली.

फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, आणखी एक अडचण आहे. तिथे दर किलोवर बोलला जातो. साध्या, जड कास्टिंगला (ओतीव भागाला) किलोमागे मोल्डिंगचा, म्हणजे साचा बनवण्याचा, वेळ थोडा लागतो. आत पोकळी राहावी म्हणून कोअर (साच्यातला गाभा) बसवायचं हलकं कास्टिंग वजनात भरत नाही, पण लाइन अडवून ठेवतं. त्यामुळे जड माल ओतणारी फाउंड्री किलोच्या हिशेबात कायम स्वस्त दिसते. म्हणून दोन ठिकाणांची तुलना करताना किलोच्या शेजारी आणखी दोन रकाने हवेत. मोल्डिंग लाइनचे किती तास लागले हा एक, आणि रिजेक्शन वजा जाता पास झालेले नग किती हा दुसरा.