ॲपल टू प्लस आणि फ्रँकलिन एस १००० : सारखेपणा कोणता, नक्कल कोणती

जुन्या संगणकांची छायाचित्रे चाळताना ॲपल टू प्लस आणि फ्रँकलिन एस १००० या दोन यंत्रांची गल्लत होणे अगदी स्वाभाविक आहे. दोन्ही फिकट बदामी रंगाची, दोन्हींचा कीबोर्ड पेटीतच बसवलेला आणि दोन्हींचे झाकण उचलले की आत जादा कार्डे खोचण्यासाठी ओळीने खाचा. एकासाठी विकत घेतलेली फ्लॉपी दुसऱ्यात घातली, तरी प्रोग्रॅम सहसा बिनतक्रार सुरू होत असे. फ्रँकलिन ही ॲपलची नक्कल होती, एवढे सांगून बहुतेक जण विषय संपवतात. मला ते अपुरे वाटते. या सारखेपणातला कोणता भाग कोणीही आपल्या हिमतीवर साधू शकला असता आणि कोणता भाग सरळ उचललेला होता, हे वेगळे काढल्याशिवाय ॲपलने पुढे फ्रँकलिनवर भरलेल्या खटल्याचा अर्थच लागत नाही.

मूळ यंत्र ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक यांचे. ॲपल टू एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वेस्ट कोस्ट कॉम्प्युटर फेअरमध्ये लोकांसमोर आला आणि जून १९७९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती, म्हणजे टू प्लस, बाजारात आली. साधारण एक मेगाहर्ट्झवर चालणारा ६५०२ प्रोसेसर आणि त्याच्याभोवती बाजारात सुट्या मिळणाऱ्या चिप्स, असा हा मामला होता. खास ॲपलसाठी घडवलेली आणि दुसरीकडे मिळूच न शकणारी चिप त्या बोर्डावर नव्हती. शिवाय कंपनीने आपल्या माहितीपुस्तिकेत संपूर्ण सर्किटचा आराखडा आणि मॉनिटर या मूलभूत प्रोग्रॅमची ओळ न् ओळ छापून दिली होती. ग्राहकाने यंत्र उघडून पाहावे, त्यात भर घालावी, हा त्यामागचा मोकळा विचार होता. त्यामुळे इलेक्ट्रॉनिक्सची जाण असलेल्या कोणत्याही कारखान्याला तसाच बोर्ड जुळवणे फारसे अवघड नव्हते.

न्यू जर्सीतल्या फ्रँकलिन कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने १९८२ मध्ये तेच केले. मात्र वरवर पाहता फ्रँकलिनचे यंत्र मूळ यंत्रापेक्षा सरस होते, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. टू प्लसच्या मुख्य बोर्डावर ४८ किलोबाइट मेमरी मावत असे आणि ती ६४ पर्यंत न्यायची तर वेगळे कार्ड घेऊन एक खाच अडवावी लागे. एस १००० मध्ये ६४ किलोबाइट मुळातच होते, उजवीकडे आकड्यांचे वेगळे पॅड होते आणि पडद्यावर इंग्रजी लहान लिपी उमटत असे. ही शेवटची गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, पण टू प्लसवर पत्र लिहू पाहणाऱ्यांना तिची किंमत ठाऊक होती. त्या यंत्रावर सगळी अक्षरे मोठ्याच लिपीत दिसत आणि अक्षरांपुरती शिफ्टची कळ जवळजवळ निरुपयोगी होती. मग हौशी लोक झाकण उघडून शिफ्टच्या कळीपासून एक वायर काढत आणि ती गेम पॅडलच्या सॉकेटमधल्या एका पिनेला जोडत. वर्ड प्रोसेसर त्या पिनेवर नजर ठेवून शिफ्ट दाबली की नाही हे ओळखत असे. फ्रँकलिन घेणाऱ्याला ही उसाभर करावी लागत नव्हती.

इतके फरक असूनही दोन्ही यंत्रे एकसारखी वागत, याचे कारण बोर्डावरच्या रॉममध्ये, म्हणजे कायमचे प्रोग्रॅम कोरलेल्या चिप्समध्ये होते. टू प्लसमध्ये प्रत्येकी दोन किलोबाइटच्या सहा रॉम चिप्स असत. त्यांपैकी पाचांत ॲपलसॉफ्ट बेसिक ही भाषा होती आणि सहावीत ऑटोस्टार्ट मॉनिटर, म्हणजे यंत्र सुरू करणे, कळ वाचणे, पडद्यावर अक्षर उमटवणे अशी घरकामे करणारा प्रोग्रॅम. या चिप्समधली छोटी छोटी कामे ठरलेल्या पत्त्यांवर राहत. बेसिकमध्ये ‘कॉल -९३६’ एवढे टंकले की पडदा पुसला जाई, कारण तो ऋण आकडा म्हणजे ६५,५३६ मधून ९३६ वजा केल्यावर येणारा ६४,६०० हा पत्ता आणि पडदा पुसणारे काम तिथेच सुरू होत असे. एक अक्षर उमटवायचे काम ६५,००५ या पत्त्यावर असे. बाहेरच्या कंपन्यांनी लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम हे पत्ते गृहीत धरून थेट तिथे उडी मारत. पत्ता एका बाइटने जरी सरकला, तरी प्रोग्रॅम भलत्याच आज्ञेवर जाऊन पडणार आणि यंत्र गोठणार, हे ठरलेले.

इथे सुसंगत यंत्र आणि नक्कल केलेले यंत्र यांच्यातली सीमारेषा येते. सुसंगत यंत्र बनवणारा प्रत्येक पत्त्यावर काय घडले पाहिजे याची यादी करतो आणि ते घडवणारा प्रोग्रॅम स्वतः लिहितो. नक्कल करणारा चिपमधले बाइट जसेच्या तसे दुसऱ्या चिपमध्ये उतरवतो. ग्राहकाला दोन्हींचा परिणाम एकच दिसतो, म्हणून तर गल्लत होते.

फ्रँकलिनने दुसरा मार्ग धरला होता. ॲपलने मे १९८२ मध्ये फिलाडेल्फियाच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला तेव्हा त्यात चौदा प्रोग्रॅमची नावे होती आणि ते उतरवून घेतल्याचे फ्रँकलिनने नाकारलेच नाही. नाकारणे शक्यही नव्हते, कारण फ्रँकलिनच्या प्रोग्रॅममध्ये ॲपलच्या एका प्रोग्रॅमरचे नाव आणि ‘ॲपलसॉफ्ट’ हा शब्द तसेच राहून गेले होते. ॲपलचा उल्लेख आणि कॉपीराइटची सूचना काढून टाकणे अशाच किरकोळ स्वरूपाचे बदल केलेले आढळले. कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याने शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेवरचा बैठक क्रमांकही उतरवून घ्यावा, तशातला हा प्रकार.

फ्रँकलिनचा बचाव मात्र हास्यास्पद नव्हता. वर सांगितलेल्या पत्त्यांमुळे ऑटोस्टार्टचा प्रोग्रॅम नव्याने लिहून शंभर टक्के सुसंगती साधणे व्यवहार्य नाही, असे कंपनीच्या अभियांत्रिकी विभागाच्या उपाध्यक्षांनी साक्षीत सांगितले. त्याहून मूलगामी मुद्दा असा, की चिपमध्ये कोरलेला आणि माणसाला वाचता न येणारा शून्य-एकांचा संच हे ‘लेखन’ आहे, की ते यंत्राचाच एक भाग? जिल्हा न्यायाधीश क्लॅरेन्स न्यूकमर यांनाही ही शंका रास्त वाटली आणि जुलै १९८२ मध्ये त्यांनी तात्पुरता मनाईहुकूम देण्यास नकार दिला. दोन यंत्रांवरून सुरू झालेला वाद अशा रीतीने एका तात्त्विक प्रश्नावर येऊन ठेपला.

अपिलाचा निकाल ३० ऑगस्ट १९८३ रोजी लागला. न्यायमूर्ती डोलोरेस स्लोव्हिटर यांनी लिहिलेल्या या निकालाने ठरवले, की प्रोग्रॅम यंत्रभाषेत असो, रॉममध्ये असो किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा भाग असो, त्याला कॉपीराइटचे संरक्षण मिळू शकते. तेच काम करणारा दुसरा प्रोग्रॅम लिहिणे शक्य असेल, तर ॲपलचा प्रोग्रॅम ही त्या कल्पनेची एक अभिव्यक्ती, म्हणजे एक विशिष्ट मांडणी ठरते आणि अभिव्यक्ती उचलता येत नाही. पूर्ण सुसंगती हवी असणे हे फ्रँकलिनचे व्यापारी उद्दिष्ट असेल, पण कल्पना आणि अभिव्यक्ती एकरूप झाल्या आहेत का, म्हणजे ते काम दुसऱ्या रीतीने लिहिणेच अशक्य आहे का, या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, असेही न्यायालयाने म्हटले. मला हा निकालातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण त्याने सुसंगत यंत्र बनवण्याची वाट बंद केली नाही, फक्त आयते उचलण्याची केली. (आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमचा समावेश १९८४ च्या दुरुस्तीने झाला, म्हणजे काळ तोच.)

खटल्यातल्या दोन पक्षांची ताकद विषम होती. ॲपलने तोवर चार लाखांहून अधिक संगणक विकले होते आणि तिच्याकडे सुमारे ३,००० माणसे होती. फ्रँकलिनकडे ७५ माणसे होती आणि विकलेली यंत्रे हजारही भरत नव्हती. वादातले प्रोग्रॅम तयार करायला ४६ मनुष्य-महिने आणि ७,४०,००० डॉलरहून अधिक खर्च आला, असे ॲपलने पुराव्यात मांडले होते. जानेवारी १९८४ मध्ये तडजोड झाली आणि फ्रँकलिनने २५ लाख डॉलर मोजायचे कबूल केले. कंपनी पुढे खिशात मावणाऱ्या शब्दलेखन-तपासनीस यंत्रांकडे वळली आणि त्यांतल्या एकाचे नाव तिने ‘स्पेलिंग एस’ ठेवले.

प्रोग्रॅम स्वतः लिहिण्याची वाट खरोखर चालता येण्याजोगी होती का, याचे उत्तर त्याच काळात टेक्सासमधल्या कॉम्पॅकने दिले. आयबीएमनेही ॲपलप्रमाणेच आपल्या पीसीच्या मूलभूत प्रोग्रॅमची ओळ न् ओळ पुस्तिकेत छापली होती. कॉम्पॅकने त्यातले काहीही न उचलता तसाच वागणारा प्रोग्रॅम नव्याने लिहून घेतला आणि आयबीएमला त्यावर बोट ठेवता आले नाही. ॲपलच्या बाबतीत हे काम हाँगकाँगच्या व्हीटेक कंपनीने लेझर १२८ या यंत्रात केले, आणि तिथे एक गंमत आहे. ॲपलसॉफ्ट बेसिक मुळात मायक्रोसॉफ्टकडून घेतलेले होते. व्हीटेकने ते सरळ मायक्रोसॉफ्टकडूनच परवान्यावर घेतले. त्यामुळे टू प्लसच्या हिशेबात ज्या भागाने सहापैकी पाच चिप्स व्यापल्या होत्या, त्या भागाचा प्रश्न पैसे देऊन मिटला आणि बाकीचे तेवढे त्यांनी स्वतः लिहून काढले.